तपकिरी पंखांची साक्ष

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी सिराक्यूज नावाचं शहर आहे आणि त्याला लागूनच ओनोंडागा सरोवर. जानेवारीत इथं पारा शून्याच्या खूप खाली उतरतो, सरोवर गोठतं. पण दक्षिणेच्या टोकाला पाण्याचा एक पट्टा उघडा राहतो. शहराचं सांडपाणी शुद्ध करणारा मोठा प्रकल्प तिथंच आहे आणि त्यातून बाहेर पडणारं कोमट पाणी बर्फ धरू देत नाही. या उघड्या पाण्यात मासे असतात, बदकं असतात आणि त्यांच्या आशेनं काठावरच्या निष्पर्ण झाडांवर बाल्ड ईगल येऊन बसतात. एका बाजूला भलामोठा मॉल, दुसरीकडे रेल्वेचे रूळ, पलीकडे हमरस्ता आणि या सगळ्यात एकाच वेळी कित्येक डझन गरुड.

कॅमेरे घेऊन आलेली माणसं साहजिकच पांढऱ्या डोक्याचा आणि पिवळ्याधमक चोचीचा पक्षी शोधत असतात. १७८२ पासून तो अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर कायद्यानंच राष्ट्रीय पक्षी ठरला. पण त्याच झाडांवर मळकट तपकिरी रंगाचे, पोटावर पांढरे ठिपके उमटलेले, काळपट चोचीचे पक्षीही बसलेले असतात. बऱ्याच जणांना ते दुसरेच कोणीतरी वाटतात. खरं तर ते त्याच गरुडाचे तरुण, वयात न आलेले भाईबंद.

हा लेख त्या तपकिरी पक्ष्यांविषयी आहे. पांढरं डोकं दिसलं, की एवढंच कळतं की निदान पाच वर्षांपूर्वी कुठंतरी एक अंडं सुखरूप फुटलं होतं. तपकिरी पक्षी दिसला, की अलीकडच्या एखाद्या उन्हाळ्यात घरट्यातून पिल्लू उडाल्याचा पुरावा मिळतो. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक लक्षात यायला अमेरिकेला बराच वेळ लागला आणि तोवर हा पक्षी जवळपास हातचा गेला होता.

पाच वर्षांचं वयात येणं

बाल्ड ईगलची मादी एक ते तीन अंडी घालते. सुमारे पस्तीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि दहा-बारा आठवड्यांत घरट्याबाहेर झेप घेतात. तेव्हा ती आकारानं आईबापांएवढी झालेली असतात. उडताना तर जास्तच मोठी दिसतात, कारण पहिल्या वर्षीची पंखांतली आणि शेपटीतली पिसं प्रौढांपेक्षा लांब असतात. पुढं दरवर्षी पिसं झडतात, नवी येतात आणि पक्ष्याचा वेश बदलत जातो.

पहिल्या वर्षी सगळं अंग गडद तपकिरी, चोच काळपट, डोळे गडद. दुसऱ्या वर्षी पोटावर आणि पाठीवर पांढरे, विस्कटलेले डाग. हाच पक्षी सर्वांत गबाळा दिसतो. तिसऱ्या वर्षी चोच पिवळी होऊ लागते, डोकं फिकट होतं आणि डोळ्यातून मागं एक काळी पट्टी ओढलेली दिसते. या वयात त्याला बघून अनेकांना ऑस्प्रे, म्हणजे आपला कैकर, असल्याचा भास होतो. चौथ्या वर्षी डोकं जवळपास पांढरं, पण मळलेलं, आणि शेपटीच्या टोकाला काळी किनार. पाचव्या वर्षाच्या आसपास डोकं आणि शेपूट शुभ्र होतात. जोडीदार शोधून घरटं बांधण्याचं वयही साधारण हेच.

सर्वांत जास्त गल्लत होते ती गोल्डन ईगलशी. जाणकार अशा वेळी दोन-तीन गोष्टी पाहतात. गोल्डन ईगलच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात, बाल्ड ईगलची पिवळी नळी उघडी असते. तरुण गोल्डन ईगलच्या अंगावरचं पांढरं पंखांच्या आणि शेपटीच्या मुळाशीच, नीट आखल्यासारखं असतं. तरुण बाल्ड ईगलच्या अंगावर ते कुठंही, विशेषतः पंखांच्या बगलेत, पसरलेलं दिसतं. घिरट्या घालताना बाल्ड ईगल पंख फळीसारखे सपाट धरतो, गोल्डन ईगल ते किंचित वर उचलतो.

गोठलेल्या सरोवरावर या तरुण पक्ष्यांकडे जरा वेळ लक्ष दिलं, की त्यांचं शिकणंही दिसतं. एखादा प्रौढ पाण्यावर सरळ रेषेत उतरतो, नख्या बुडवतो आणि मासा उचलून निघतो. लगेच दोन-तीन तपकिरी पक्षी त्याच्या मागं लागतात. हवेत कोलांट्या होतात, नख्या नख्यांना भिडतात आणि पुष्कळदा मासा बर्फावर पडतो. मग त्याच्याभोवती पंख पसरून आरडाओरडा, ढकलाढकली. स्वतः मासा पकडण्याचं कसब अंगी येईपर्यंत हिसकावलेल्या आणि मेलेल्या अन्नावरच त्यांना दिवस काढावे लागतात. पहिला हिवाळा म्हणूनच सर्वांत कठीण. अनेकांना दुसरा उन्हाळा बघायला मिळत नाही.

न ओळखल्याची किंमत

तरुण गरुडाला न ओळखण्याची परंपरा जुनी आहे. पक्षिचित्रांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या जॉन जेम्स ऑड्युबननं एकोणिसाव्या शतकात एक प्रचंड तपकिरी गरुड रंगवला, ती नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं. तसा पक्षी पुढं कुणाला सापडला नाही. तो बाल्ड ईगलचा तरुण पक्षीच असावा, असं नंतरच्या बहुतेक पक्षितज्ज्ञांचं मत झालं.

चित्रातल्या चुकीनं कुणाचा जीव गेला नाही. बंदुकीच्या चुकीनं गेला. अलास्कात सॅमन मासे आणि फरसाठी पाळलेले कोल्हे गरुड पळवतात, या तक्रारीवरून १९१७ ते १९५३ या काळात गरुड मारण्यासाठी बक्षीस दिलं जाई. पायांची जोडी आणून दिली, की पैसे. एक लाखाहून जास्त गरुड असे मारले गेले. अलास्का वगळून उर्वरित देशात १९४० मध्ये संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात मोठी फट होती. बंदूकवाला म्हणायचा, मला तो गोल्डन ईगल वाटला. पांढऱ्या डोक्याच्या बाबतीत ही सबब चालली नसती, तपकिरीच्या बाबतीत चालत होती. अखेर १९६२ मध्ये दुरुस्ती होऊन गोल्डन ईगललाही कायद्याचं संरक्षण मिळालं. तरुण बाल्ड ईगल या गोंधळात मारले जातात, हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. तरुण पक्ष्यांना वाचवायचं, तर त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीलाही वाचवणं भाग होतं.

झाडावर चढणारा निवृत्त बँकवाला

चार्ल्स ब्रोली हे कॅनडातल्या विनिपेगचे बँक मॅनेजर. निवृत्तीनंतर हिवाळे फ्लोरिडात घालवायचे असं त्यांनी ठरवलं, आणि १९३९ मध्ये, साठीत, गरुडांच्या पिल्लांच्या पायांत कड्या अडकवण्याचं काम अंगावर घेतलं. दोराच्या शिड्या टाकून ते उंच पाइन झाडांवर चढत, घरट्यात उतरत आणि पिल्लाच्या पायात क्रमांकाची कडी बसवत. तोपर्यंत साऱ्या देशात अवघ्या १६६ गरुडांना कड्या लागल्या होत्या. ब्रोलींनी दहा वर्षांत एकट्यानं हजाराचा आकडा ओलांडला.

त्या कड्यांतून पहिली नवी गोष्ट कळली. फ्लोरिडातली पिल्लं घरटं सोडल्यावर काही महिन्यांतच अटलांटिक किनाऱ्यानं थेट कॅनडापर्यंत उत्तरेला जातात. तरुण गरुड किती भटकतो, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र वाईट होती. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या पट्ट्यात वर्षाला साधारण दीडशे पिल्लांना कड्या लागत. १९४७ पासून हा आकडा घसरू लागला. घरटी होती, जोड्या होत्या, काही घरट्यांत अंडीही होती. पण ती फुटत नव्हती. १९५७ मध्ये ब्रोलींना ४३ घरट्यांत गरुड राहताना आढळले. त्यांपैकी फक्त सात घरट्यांतून पिल्लं उडाली, तेवीस घरट्यांतली अंडी वाया गेली आणि उरलेल्या तेरांत अंडी घातलीच गेली नव्हती. १९५८ मध्ये तर एका पिल्लाला कडी अडकवण्यासाठी त्यांना दीडशेहून अधिक किलोमीटर किनारा पालथा घालावा लागला. या नापिकीमागं डीडीटी हे कीटकनाशक असावं, असा संशय त्यांनी उघडपणे मांडला आणि पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

त्याच काळात दूर पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरधारेवरून हीच गोष्ट वेगळ्या मार्गानं समोर येत होती. हॉक माउंटनवर एकेकाळी लोक स्थलांतर करणारे शिकारी पक्षी गंमत म्हणून मारायला जमत. रोझली एज या कार्यकर्तीनं १९३४ मध्ये तो डोंगर भाड्यानं घेतला, शिकार बंद केली आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवलं. ब्राउन येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांची रोजची मोजदाद ठेवू लागले, आणि गरुडांची नोंद करताना तरुण आणि प्रौढ वेगळे लिहू लागले. १९३५ ते १९३९ या काळात तिथून गेलेल्या बाल्ड ईगलपैकी चाळीस टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांवर आलं, आणि १९५७ या एका वर्षी बत्तीस प्रौढांमागं एकच तरुण दिसला.

बाल्ड ईगल वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. त्यामुळे पिल्लं थांबली, तरी पांढरी डोकी वर्षानुवर्षं दिसत राहतात. ब्राउन यांनी सगळ्या गरुडांची एकच बेरीज केली असती, तर हा ऱ्हास कित्येक वर्षं झाकलेला राहिला असता. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हा ब्रोली आणि ब्राउन यांच्या या आकड्यांना त्यात मोठं स्थान दिलं.

अंडी का फुटत नव्हती, याचा उलगडा संग्रहालयांत झाला. जुन्या काळी लोक छंद म्हणून पक्ष्यांची अंडी जमवत. त्या कवचांचे संग्रह कपाटांत पडून होते. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये आणि अमेरिकेत जोसेफ हिकी व डॅनियल अँडरसन यांनी १९६८ मध्ये जुनी आणि नवी कवचं तोलून-मोजून पाहिली. १९४७च्या सुमारास कवचं एकाएकी पातळ झाली होती. ब्रोलींच्या वहीतही घसरणीचं वर्ष तेच होतं.

शेतांवर आणि डासांसाठी दलदलींवर फवारलेलं डीडीटी पाण्यात उतरत होतं. पाण्यातले सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे छोटे मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, असं एकेक पायरी चढताना त्याचं प्रमाण वाढत जाई आणि सर्वांत वरच्या पायरीवर गरुड बसलेला होता. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई मादीच्या कवचग्रंथीत कॅल्शियम पोचू देत नाही. आई अंड्यावर बसली, की तिच्याच वजनानं ते पिचे. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी जाहीर केली आणि वर्षअखेरीस ती अमलात आली. पण तोवर मोठं नुकसान होऊन गेलं होतं. १९६३ मध्येच अलास्का सोडून उरलेल्या मुख्य भूमीवर जेमतेम ४१७ जोड्या घरटी करत असल्याची नोंद आहे.

हेमलॉक सरोवरावरची जोडी

न्यूयॉर्क राज्यात सत्तरच्या दशकात नांदती एकच जोडी उरली होती. ती रॉचेस्टर शहराच्या दक्षिणेला, हेमलॉक सरोवराकाठी राहत होती. १८७६ पासून रॉचेस्टरचं पिण्याचं पाणी या सरोवरातून येतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून शहरानं काठावरची घरं हळूहळू विकत घेऊन पाडली, जंगल वाढू दिलं आणि बोटींवर निर्बंध घातले. आजूबाजूच्या बहुतेक सरोवरांचे काठ बंगल्यांनी भरून गेले. हेमलॉक मोकळं राहिलं. गरुडांना आसरा मिळाला तो असा, एका शहराच्या नळाच्या पाण्यापायी.

पण त्या जोडीची अंडी फुटत नव्हती. मग राज्याच्या वन्यजीव विभागानं दुसरीकडून आणलेली पिल्लं त्यांच्या घरट्यात ठेवून पाहिली, आणि जोडीनं ती आपली मानून वाढवली. पालक म्हणून त्यांच्यात काही उणं नव्हतं, दोष अंड्यांत होता.

एका जोडीवर राज्य उभं राहणार नव्हतं. १९७६ मध्ये पीटर नाय यांच्या देखरेखीखाली वन्यजीव विभागानं वेगळा प्रयोग हाती घेतला. केयुगा सरोवराच्या उत्तर टोकाशी माँटेझुमा हे पाणथळ अभयारण्य आहे. तिथं उंच मनोरा उभारून त्यावर पिंजरा आणि कृत्रिम घरटं केलं. कॉर्नेल विद्यापीठातली टीना मॉरिस ही पदव्युत्तर विद्यार्थिनी तिथं मुक्काम ठोकून राहिली. दुसऱ्या राज्यांतून आणलेली काही आठवड्यांची पिल्लं मनोऱ्यावर ठेवायची, त्यांना मासे द्यायचे, पण देणारा माणूस त्यांना दिसू द्यायचा नाही. माणसाच्या हातून अन्न येतं, हे पिल्लानं एकदा मनात धरलं, की त्याचं रानातलं आयुष्य संपलं. पंखांत बळ आलं, की पिंजऱ्याचं दार उघडायचं. गरुड मोठा झाल्यावर, जिथून पहिली झेप घेतली त्या मुलखाकडे घरटं करायला परततो. सगळी भिस्त या सवयीवर होती.

म्हणजे दार उघडल्यावर चार-पाच वर्षं वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं. त्या वर्षांत एखाद्या तळ्यावर कुणाला कडीवाला तपकिरी गरुड दिसला, तर तेवढीच खबर. १९८० मध्ये, पहिल्या वर्षी सोडलेल्या पक्ष्यांनी घरटं करून स्वतःची पिल्लं वाढवली. १९८८ पर्यंत एकूण १९८ पिल्लं आणली गेली, त्यांतली बहुतेक अलास्कातून. ज्या प्रदेशानं गरुड मारायला बक्षीस लावलं होतं, त्यानंच आता पिल्लं पुरवली.

यांतल्या एका पक्ष्याची कहाणी कड्यांच्या नोंदवहीमुळे पुरती कळली. १९७७ मध्ये मिनेसोटातून एक पिल्लू माँटेझुमाला आणलं गेलं. त्याच्या कडीवर ०३१४२ हा आकडा होता. १९८१ मध्ये तो नर हेमलॉक सरोवराच्या दलदलीत घरटं करून राहिला आणि पुढं अनेक वर्षं त्यानं पिल्लं वाढवली. जून २०१५ मध्ये रॉचेस्टरजवळ हेन्रिएटा इथं रस्त्याकडेला तो मेलेला सापडला, वाहनाची धडक बसली होती. त्याचं वय होतं ३८. कडी लावलेल्या बाल्ड ईगलमध्ये इतकं दीर्घायुष्य तोवर नोंदलं गेलं नव्हतं.

२०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यात १७३ जोड्यांनी २४४ पिल्लं उडवली. देशपातळीवर २००७ मध्ये ९,७८९ जोड्यांची नोंद झाली आणि संकटग्रस्तांच्या यादीतून बाल्ड ईगलचं नाव निघालं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अलास्काबाहेर ७१,४०० जोड्या आणि एकूण ३,१६,७०० गरुड होते. आज अमेरिकेत गावोगावच्या तलावांवर तरुण गरुड दिसतात, त्यामागं हा सगळा इतिहास आहे.

स्वच्छतेचा दाखला नव्हे

मात्र तरुण गरुड दिसला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं म्हणता येत नाही. ओनोंडागाचंच बघा. याच काठावर शांतिदूतानं पाच राष्ट्रांमधलं वैर मिटवून त्यांचा संघ बांधला, असं हाउडेनोसॉनी या इथल्या मूळनिवासी लोकांची परंपरा सांगते. शस्त्रं पुरून त्यांवर पांढऱ्या पाइनचं झाड लावलं आणि दूरवरचं संकट पाहून इशारा देण्यासाठी शेंड्यावर गरुड बसवला. विसाव्या शतकात त्याच सरोवरात शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिसळली. १९४० मध्ये पोहण्यावर बंदी आली. १९४६ ते १९७० या काळात अलाइड केमिकलच्या कारखान्यातून अंदाजे ७५ टन पारा पाण्यात गेला आणि १९७० मध्ये मासेमारीही बंद झाली. २०१२ ते २०१४ मध्ये तळाचा सुमारे सतरा लाख घनमीटर गाळ उपसला गेला. पाणी खूपच सुधारलं, पण इथले मासे खाण्यावर आरोग्य खात्याचे निर्बंध अजून आहेत. हिवाळ्यात गरुड जमतात ते कोमट पाण्यामुळे. त्यांतले तरुण दूरदूरच्या घरट्यांतून आलेले असतात आणि ते साक्ष देतात ती त्या घरट्यांची.

धोकेही संपलेले नाहीत. ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांची तपासणी करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत शिशाची जुनी बाधा आढळली. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जातात, त्यात गोळीचे बारीक कण असतात आणि गरुड ते गिळतात. त्याच वर्षी बर्ड फ्लूची साथ आली. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर निम्म्याहून कमी घरट्यांतून पिल्लं उडाली. दरवर्षी घरटी तपासण्याचा शिरस्ता होता, म्हणून हे लगेच समजलं.

आपल्या किनाऱ्यावर

बाल्ड ईगल भारतात येत नाही. पण त्याचा सख्खा भाऊबंद कोकणात राहतो. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचा काकण, त्याच कुळातला. तोही किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो, मासे आणि समुद्री साप खातो, आणि त्याचीही पिल्लं तपकिरी असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकात त्याच्या घरट्यांचा शोध घेतला. याच कामासाठी फिरताना २००२ मध्ये वेळासच्या वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि कासव संवर्धनाचं मोठं काम उभं राहिलं. घरट्यापर्यंत जाऊन पाहणाऱ्याला घरट्यापलीकडचंही दिसतं, ते असं.

आणि डीडीटीशी आपला संबंध अमेरिकेपेक्षा लांबचा नाही. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीनं रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथं ते अनेक वर्षं बनवलं. भारतात शेतीसाठी त्याच्यावर १९८९ मध्ये बंदी आली, हिवताप आणि काळा आजार यांच्या नियंत्रणासाठी मात्र वापर चालू राहिला. त्या फवारणीनं माणसांचे जीव वाचले, हेही तितकंच खरं. म्हणूनच मासे खाणाऱ्या आपल्या पक्ष्यांच्या घरट्यांत काय घडतं, यावर आपलं लक्ष असायला हवं.

अमेरिकेत १९७९ पासून दर जानेवारीत गरुडांची देशव्यापी गणना होते. तिच्यात शिक्षक, निवृत्त कर्मचारी, विद्यार्थी असे साधे लोक भाग घेतात, आणि त्यांच्या तक्त्यात प्रौढ आणि तरुण असे वेगळे रकाने असतात. आपल्याकडेही काकणाची जोडी दिसली, की फोटो काढून नोंद करणारे आता पुष्कळ आहेत. त्यांनी त्याच नोंदीत आणखी एका प्रश्नाचं उत्तर लिहावं: यंदाचं पिल्लू दिसलं का? दिसलं नसेल, तर जागा कोरी न सोडता ‘नाही’ असं स्पष्ट लिहावं. चार्ल्स ब्रोली वयाच्या पंच्याहत्तरीनंतरही झाडाखाली उभे राहून हेच ‘नाही’ वर्षामागून वर्षं लिहीत राहिले, आणि गरुड वाचवण्याचं पुढचं सगळं काम त्या नोंदींवर उभं राहिलं.